दादर टीटीमधला 'टी' : मुंबईच्या ट्रामच्या आठवणी

नायगावकर

मागच्या आठवड्यातली गोष्ट. भाचा पहिल्यांदाच एकटा नागपूरहून मुंबईला आला. मी फोनवर सांगितलं, "दादरला उतर, पूर्वेला ये आणि टीटीला थांब. मी येतो घ्यायला." झालं. मी खोदादाद सर्कलला चार वळसे मारले, उड्डाणपुलाखाली दोनदा जाऊन आलो, हा पठ्ठ्या कुठे दिसेना, फोनही लागेना. पाऊण तासाने सापडला तो स्टेशनातच. पुलाच्या जिन्यापाशी काळ्या कोटातले एक टीसी उभे होते आणि त्यांना खेटून आमचं ध्यान बॅग पायात धरून उभं. तिकडे तिकीट तपासणाऱ्याला टीटी म्हणतात हे मी साफ विसरलो होतो. त्याला वाटलं, मामाने वशिला लावून ठेवलाय.

घरी हसून हसून पुरेवाट झाली. पण मग भाच्याने विचारलं, "मामा, तुमचा तो टीटी म्हणजे नेमकं काय?" आणि घरात कुणालाच सांगता येईना. सुनेचं सोडा, ती पुण्याची. पण मुलगा? जन्म दादरचा, शाळा दादरची. तो म्हणाला, "ट्रान्सपोर्ट टर्मिनस असणार. पुण्याच्या एशियाड सुटायच्या ना तिथून."

अरे बाबांनो, ट्राम टर्मिनस! ट्राम!

मी ट्राम पाहिलेल्या शेवटच्या पिढीतला. जन्म १९५७ चा, म्हणजे ट्राम गेली तेव्हा मी सात वर्षांचा. आमची चाळ नायगावला, आताच्या आंबेडकर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पहाटे पहिली ट्राम गेली की खिडकीचं सैल तावदान थरथरायचं आणि त्या आवाजाने आजी उठायची. घरात घड्याळ होतं, पण तिचा भरवसा तावदानावर.

दादरला ट्राम उलटी कशी फिरवायचे ते बघणं हा आमचा फुकटचा सिनेमा. खरं तर ती फिरवायचेच नाहीत. ट्रामला तोंड-शेपूट काही नसे, दोन्ही टोकं सारखी. ड्रायवर आपला पितळी दांडा काढून हातात घ्यायचा आणि डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जायचा. कंडक्टर खाली उतरून दोरीने टपावरचा लांब दांडा तारेपासून सोडवायचा, अर्धवर्तुळात फिरवायचा आणि पुन्हा तारेला लावायचा. तो बरोबर बसला की एक ठिणगी उडायची. ठिणगी उडाली नाही तर आम्हाला पैसे बुडाल्यासारखं वाटायचं. मग आत जाऊन तो बाकांच्या लाकडी पाठी एकेक करून उलट्या ढकलत जायचा, खटाक खटाक खटाक. की झालं शेपटीचं तोंड. वडील म्हणायचे, "माणसाला असं जमलं असतं तर किती बरं झालं असतं." ते कशावरून म्हणायचे ते तेव्हा कळत नव्हतं. गिरणीत बदली कामगार होते.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून निघाली आणि दादरला आली. मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी शाळा, तरी वडील मला घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीऽऽ गर्दी. विसर्जनाला असते तशी, फक्त ढोल नाहीत. ट्राम लांबून दिसली ती दिव्यांमुळे आणि आधी ऐकू आली ती घंटेमुळे. ड्रायवर पायाने घंटा वाजवायचा, एरवी ठण ठण असे दोनच ठोके. त्या रात्री त्याचा पाय थांबतच नव्हता. माणसं दांड्यांना लोंबकळलेली, पायरीवर, मागे, जिथे हात अडकेल तिथे. मला एवढंच स्पष्ट आठवतं की ट्राम थांबल्यावर एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने डब्याच्या पत्र्यावर तळहात टेकवला. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

तर म्हटलं इथे विचारावं. कुणाच्या घरी, चाळीत, आजीआजोबांच्या बोलण्यात ट्राम शिल्लक आहे का? जे असेल ते लिहा. छोटं असलं तरी चालेल.

खारी_बिस्कीट

टीसीला खेटून उभा राहिलेला भाचा! मेले हसून. मी आठ वर्षं रोज "टीटी, टीटी" म्हणत टॅक्सीत बसते आणि आज अर्थ कळला. मला वाटायचं कुणाचं तरी नाव असेल. टी. टी. अमुकतमुक.

पिठलं_भात

काका, मस्त लिहिलंय. त्या म्हाताऱ्याच्या हातापाशी थबकले.

आमची आजी गवालिया टँक मैदानाजवळ (आताचं ऑगस्ट क्रांती मैदान) राहायची. तिथे ट्रामचं मोठं ठाणं होतं. पादचारी पुलाखालून ट्राम सुटायची आणि एका आण्यात म्युझियमपर्यंत जाता यायचं, हे ती इतक्या वेळा सांगायची की आम्ही तिच्या आधी "एका आण्यात!" असं कोरसमध्ये ओरडायचो. लग्नानंतर आजोबा तिला पहिल्यांदा बाहेर घेऊन गेले ते असे: एक आणा जाताना, एक आणा येताना, माणशी. म्युझियम आतून बघितलंच नाही. बाहेरच्या बागेत शेंगा खाल्ल्या आणि परत. "मग गेलात कशाला?" तर म्हणे, "ट्रामीत बसायला." ती ट्रामचं अनेकवचन 'ट्रामी' करायची आणि सप्तमीही तशीच.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर 'चले जाव'ची सभा झाली, हे आम्हाला शाळेत कळलं. आजीने कधी स्वतःहून सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाली, "हो, झाली ना. गर्दी फार होती. ट्रामी अडल्या होत्या." आजीचा इतिहास ट्रामच्या खिडकीएवढा. पण जे दिसलं ते नेमकं सांगायची.

वीजमंडळी

ट्राम हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबण लागणार. आधीच माफी.

नायगावकर, तुम्ही दादर टीटीमधल्या 'टी'बद्दल लिहिलंत. पण ट्रामचा आणखी एक 'टी' मुंबईत रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून जातो. मुंबईच्या बस चालवणाऱ्या 'बेस्ट'मधला शेवटचा टी. आज तो 'ट्रान्सपोर्ट'चा आहे. १९०५ साली कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. म्हणजे टी ट्रामचाच. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं. अक्षर तेच, आतला माल बदलला. बारसं करणारा हुशार होता, पाट्या रंगवायचा खर्च वाचला.

आता गंमत बघा. वीज आणि वाहतूक एकाच छपराखाली का, हा प्रश्न बाहेरगावचे लोक हमखास विचारतात. बस चालवणारे लोक घरी विजेचं बिल कसं पाठवतात? उत्तर ट्राममध्ये आहे. विजेवर ट्राम चालवायची तर वीज हवी, आणि ती विकत कोण देणार? म्हणून कंपनीने स्वतःच तयार केली. आधी वाडी बंदरला केंद्र, ते पुरेना म्हणून १९१२ मध्ये माझगावला दुसरं. ट्रामला पुरवून उरेल ती दिव्यापंख्यांना. नंतर टाटांची घाटावरची जलविद्युत आली आणि चित्र बदललं. पण ती जोडगोळी कायम राहिली. ट्राम मेली, बिल जिवंत आहे.

विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ ला धावली. त्याआधी घोडे होते, त्यावर कुणीतरी लिहीलच. दुमजली ट्राम सप्टेंबर १९२० मध्ये आली. आपली बस त्याच्याही नंतरची, १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे मुंबईने दुमजली गाडी पहिल्यांदा पाहिली ती रुळावर. दुमजली बस यायला १९३७ उजाडलं.

तो टपावरचा दांडा, ज्याची ठिणगी नायगावकरांना मोफत बघायला मिळायची, त्याच्या टोकाला एक खाचेचं चाक असतं. ते तारेला खालून टेकतं. तारेतून प्रवाह दांड्यात, दांड्यातून खाली मोटारीत, आणि मोटारीतून चाकांवाटे रुळात. रूळ म्हणजे परतीची वाट. म्हणून रुळांचे जोड नीट बांधलेले असणं महत्त्वाचं. आमच्या खात्यातले जुने लोक सांगायचे की रुळातून वाट चुकलेला प्रवाह जमिनीतले लोखंडी नळ खातो. पाणीवाले आणि ट्रामवाले यांच्यात त्यामुळे नेहमी कुरबुर. (हे दुसऱ्या देशांतल्या शहरांतही झालंय, आपलीच मक्तेदारी नाही.)

आणि पावसाळा! मोटार डब्याच्या पोटाखाली, चाकांजवळ. हिंदमाताला पाणी भरलं की ट्राम एकामागे एक उभ्या. बस निदान गल्लीतून वळवता येते. ट्रामचं नशीब रुळाला बांधलेलं.

खारी_बिस्कीट

म्हणजे हिंदमाताला तेव्हाही पाणी भरायचं. छान वाटलं ऐकून. परंपरा जपली आहे.

कुलाबकर_जुना

घोड्यांवर लिहायला मला बोलावलंय असं समजून लिहितो.

आमच्या घराण्यात एक पणजोबा ट्राम कंपनीच्या तबेल्यात नाल ठोकायच्या कामाला होते. फोटो नाही, कागद नाही, एक ऐरण होती ती पण कुणीतरी भंगारात दिली. राहिली ती एक म्हण. घरात कुणी फार दमलेलं दिसलं की आई म्हणायची, "काय रे, पायधुणीहून आलास काय?" मला कितीतरी वर्षं कळलं नाही पायधुणीचा काय संबंध.

संबंध असा. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली ती दोन मार्गांवर: एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. दोन्हींचं शेवटचं टोक पायधुणी. मे महिना, भर उन्हाळा, आणि कुलाब्याचा घोडा पायधुणी करून परत आला की त्याची काय अवस्था होत असेल ती कल्पना करा. कंपनीने सुरुवात केली तेव्हा ९०० घोडे होते. नऊशे! त्यांचं चंदी-गवत, पाणी, लीद, आजारपण. आज एका बस डेपोला जेवढा व्याप नसेल तेवढा.

भाडं आधी तीन आणे होतं आणि तिकीट दिलंच जात नसे. पैसे द्या, बसा. मग गर्दी वाढली, भाडं दोन आण्यांवर आलं आणि त्याच वर्षी तिकिटंही आली. बिनतिकिटाच्या काळात हिशेब कसा ठेवत असतील? पणजोबा नालवाले होते, कंडक्टर नव्हते, त्यामुळे आमच्या घरात माडी झाली नाही.

ही ट्राम खरं तर दहा वर्षं आधीच यायची. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीला परवाना मिळाला होता. पण तेव्हाच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतली सगळी शेअरबाजारी दिवाळखोरीत निघाली. कापसाच्या पैशावर फुगलेलं शहर एका झटक्यात बसलं, त्यात ट्रामही बसली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली, स्टर्न्स अँड किट्रेज या कंपनीशी करार झाला आणि घोडे धावले. कापूस तेव्हा आमच्या कुलाब्यात उतरायचा. ससून डॉक ट्रामच्या पुढच्याच वर्षी, १८७५ ला झाला. बंदर, कापूस, ट्राम आणि कुलाब्याचं रेल्वे स्टेशन. हो, कुलाब्याला रेल्वे स्टेशन होतं, १९३० च्या अखेरीस बंद झालं. हे सगळे एकाच माळेतले मणी. आता उरले आहेत ते मासे.

जाता जाता: काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी रस्ता खणला तर डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. रूळ उखडण्यापेक्षा वर डांबर ओतणं स्वस्त पडलं असणार. पावसाने खड्डे पडले की मी अजून आत डोकावून बघतो.

रोखठोक

सगळ्यांच्या आठवणी वाचल्या. सुंदर आहेत. पण एक कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो: ट्राम बंद झाली ते बरंच झालं.

मी काळबादेवीत दुकानात वाढलो. वडिलांकडून ट्रामबद्दल कौतुकाचा एक शब्द ऐकला नाही. रस्ता मुळात दोन हातगाड्यांचा, त्यात मधोमध रूळ. ट्राम पकडायची तर रहदारी तुडवत रस्त्याच्या मध्यावर जायचं. उतरणाऱ्याचंही तेच. एक ट्राम बिघडली की मागच्या सगळ्या खोळंबल्या, कारण बाजूने काढायची सोय नाही. सायकलवाल्याचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं की तो थेट तोंडावर. आमच्या दुकानातल्या दोन पोऱ्यांचे दात असे गेले. पावसात तर ते रूळ बर्फासारखे.

डबे जुने झाले होते, बस वेगवान होती, पन्नाशीच्या दशकात एकेक मार्ग बंद होत गेला आणि कुणी फार रडलं नाही. शेवटच्या रात्री गर्दी झाली म्हणता. ती गर्दी रोज ट्रामने गेली असती तर शेवटची रात्र आलीच नसती.

पिठलं_भात

रोखठोक, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जुन्या लाल दुमजली बसचा शेवटचा दिवस होता तेव्हा मीही हार-फुलं आणि मोबाइल घेऊन गेलेली होते. त्याआधी किती वर्षांत बसले होते? आठवत नाही. लोकलने जाते मी.

वीजमंडळी

रोखठोक यांचं निम्मं मान्य. एक बिघडली की मागची सगळी बिघडल्यासारखी, हे खरंच. पण बाकी निम्मं असं की रूळ मधोमध होते म्हणून रस्ता अडत होता, की मोटारी वाढल्या म्हणून रूळ मधे आले? १९०७ ला विजेची ट्राम आली तेव्हा त्या रस्त्यावर घोडागाड्या आणि बैलगाड्या होत्या. ट्राम जागची हलली नाही, भोवतालची गर्दी बदलली. आणि ज्या काळबादेवीवरून १८७४ ला घोड्यांची ट्राम धावली, तिथे आता जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे. रस्त्यावर मावलं नाही म्हणून खाली उतरले. खर्च काढा दोन्हींचा.

शिवाय बेस्टने ट्रामचा नाद एकदम सोडला नाही. मधल्या काळात ट्रॉलीबस आणून बघितली. टायर बसचे, तारा ट्रामच्या. ११ जून १९६२ पासून गवालिया टँक ते माझगाव डॉक. रूळ नाहीत म्हणून रोखठोक खूश, तारा आहेत म्हणून मी खूश. १९७१ च्या मार्चमध्ये तीही गेली.

रोखठोक

ट्रॉलीबस मी पाहिली आहे! दांडा निसटला की ड्रायवर शिव्या देत खाली उतरायचा. खूश वगैरे काही नव्हतो.

नायगावकर

दात पडलेल्या पोऱ्यांबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण रुळांचा एक उपयोग रोखठोक विसरले. मांजा!

संक्रांतीच्या आधी आम्ही सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्या गोळा करायचो. काच जाड फडक्यात घट्ट बांधायची, पुरचुंडी रुळावर ठेवायची आणि फुटपाथवर जाऊन साळसूद चेहऱ्याने उभं राहायचं. ट्राम गेली की आत वस्तऱ्यासारखी बारीक पूड. खलबत्त्यात कुटायला दोन तास लागले असते आणि आईने बत्त्यानेच बडवलं असतं. ती पूड, भाताची पेज, सरस आणि रंग. दादर ट्रामच्या मांज्यापुढे लालबागचे पतंग टिकत नसत. एकदा ड्रायवरने पुरचुंडी लांबून ओळखली, ट्राम थांबवली, खाली उतरला, ती उचलली आणि आमच्याकडे बघत खिशात घातली. त्याचाही मुलगा पतंग उडवत असणार.

ट्राम गेली त्याच्या पुढच्या संक्रांतीला आम्ही खलबत्त्यावर आलो. माझ्या लेखी ट्राम बंद झाली ती तेव्हा.

नाशकात_पाऊस

मुंबईकरांनो, थोडं आमच्याकडेही बघा. नाशिकला ट्राम होती! खोटं नाही. १८८९ साली सुरू झाली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत. दोन डबे, चार घोडे. रूळ अडीच फुटी. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे तशाच अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे बांधली. म्हणजे बार्शीची 'लाइट' गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नातं कळेल.

तेव्हा गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये दाट झाडी होती. सिंहस्थाला येणारे यात्रेकरू स्टेशनावर उतरून गोदावरीपर्यंत कसे पोचत असतील? कुणी ट्रामने, कुणी टांग्याने, बाकीचे चालत. दुष्काळ आणि प्लेग यांच्या लागोपाठच्या वर्षांनी ती तोट्यात गेली आणि १९३३ पर्यंत बंद पडली. त्यामुळे माझ्या आजीनेही पाहिली नव्हती, तिच्या आईने पाहिली होती. आज मेन रोडवर दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे चार घोडे वळत होते हे ऐकून पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

(समुद्र नाही, बंदर नाही, तरी धाग्यात घुसलो. गोड मानून घ्या.)

कराची_हलवा

गेली दोन वर्षं फक्त वाचनमात्र होते. आज लिहिते, कारण माझ्याकडेही एक ट्राम आहे. फक्त ती आता सरहद्दीपलीकडे आहे.

आमची आजी कराचीची. होय, मराठी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे सरकारी नोकरीतली, शिक्षक, कारकून अशी बरीच मराठी घरं तिकडे होती. कराचीतली नावाजलेली एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची आहे, यावरून कळेल.

कराचीला ट्राम १८८५ साली आली, आणि आली ती वाफेवर! भर रस्त्यात धूर आणि शिट्टी. लोकांनी तक्रारी केल्या आणि लवकरच वाफ जाऊन घोडे आले. सगळीकडे घोडे जाऊन इंजिनं आली, आमच्याकडे उलटं, असं आजीचे वडील सांगत. मग पेट्रोलवर चालणाऱ्या ट्राम आल्या. वर तारा नाहीत, दांडा नाही, ठिणगी नाही. त्यामुळे वीजमंडळी यांना आवडणार नाहीत. किमाडी बंदरापासून सदरपर्यंत जायची. आजी म्हणायची, परत येताना बंदराकडून वारा सुटला की सगळ्या ट्रामला खारट मासळीचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास यायचा. १९४७ ला बोटीने मुंबईला आली तेव्हा बॅलार्ड पियरवरून बाहेर पडल्यावर तिने पहिली गोष्ट शोधली ती ट्राम. सापडली, बसली, आणि म्हणाली, "हिला वास नाही."

मुंबईची ट्राम १९६४ ला गेली. कराचीची १९७५ पर्यंत चालली. आजीला हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी शिरा केला. "बघा, आमची जास्त टिकली." सोडून आलेल्या गावाला 'आमची' म्हणताना मी तिला तेवढंच एकदा ऐकलं.

पिठलं_भात

कराची_हलवा, वाचनमात्र राहू नका हो. लिहीत राहा.

खारी_बिस्कीट

"हिला वास नाही." आज यापुढे काही वाचणार नाही.

कुलाबकर_जुना

वा. किमाडीचं नाव पणजोबांच्या तोंडी असायचं म्हणे, घोडे बोटीने यायचे जायचे तेव्हा. खरंखोटं पणजोबा जाणोत.

ज्यांना बघायचं असेल त्यांच्यासाठी: आणिक डेपोत बेस्टचं छोटं संग्रहालय आहे. ट्रामची प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा, असं बरंच काही. नायगावकर, भाच्याला घेऊन जा.

रोखठोक

मीही येतो. दात काढून दाखवणार नाही.

वीजमंडळी

मी पण. येत्या रविवारनंतरचा शनिवार चालेल का सगळ्यांना? जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते विचारून घेतो.

खारी_बिस्कीट

कुठे भेटायचं?

नायगावकर

कुठे काय, टीटीला!

आणि हो, राहिलंच. भाचा आत्ता शेजारी बसून सगळा धागा वाचतोय. त्याला विचारलं, "पाऊण तास त्या टीसींच्या शेजारी उभा होतास, एकदाही विचारलं नाहीस त्यांना?" तर म्हणाला, "विचारलं ना. म्हटलं, मामांनी टीटीला थांबायला सांगितलंय, तुम्हीच का? ते म्हणाले, मी टीसी. टीटी बाहेर आहे, पूर्वेला, सरळ चालत जा. पण मला वाटलं, ते मला कटवतायत."